घंटा वाजली, पुढे काय?

१५ एप्रिल २०१९. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये संध्याकाळी आगीची घंटा वाजली. यंत्रणेने काम चोख केलं. पण निरोप नीट कळला नाही, पाहायला गेलेला माणूस भलत्याच माळ्यावर पोहोचला आणि जवळपास अर्धा तास वाया गेला. तोवर ओक लाकडाचं जुनं छप्पर पेटलं होतं. म्हणून चर्चच्या आग यंत्रणेची तपासणी म्हणजे नुसती घंटा वाजवून पाहणं नव्हे. ती वाजल्यावर कोण, कुठल्या जिन्याने धावणार, हेही करून बघायला हवं.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत सादर करावा लागतो. एजन्सीचा तपासनीस आला की चर्चमधल्या कुणीतरी त्याच्यासोबत फिरावं. सही घेऊन मोकळं होण्यात काय अर्थ? आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला मात्र काटा नसतो, तो सिलिंडर वजन करूनच तपासतात.

आणि नाताळची गर्दी नेमकी जुलै आणि जानेवारीच्या या दोन दाखल्यांच्या मधे येते. तेव्हा नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याचं गवत पसरण्याआधी बाजूच्या दारांची कुलपं उघडून घ्या.