जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचे मोल

नव्या मोटारीची किंमत कारखानदार ठरवितो आणि वापरलेल्या मोटारीची किंमत तिचे वय ठरविते. परंतु मोटारींचा एक तिसराही वर्ग आहे. त्या वर्गातील गाडी जसजशी जुनी होते तसतसे तिचे मोल वाढत जाते. अशी गाडी ज्याच्या पदरी आहे त्या गृहस्थावर ती विकण्याची पाळी आली, म्हणजे त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. किंमत किती सांगावी, आणि जाहिरातीत काय लिहावे? वडिलांच्या पश्चात गाडी मुलांकडे आलेली असते, तिच्याविषयी घरात जिव्हाळा पुष्कळ असतो आणि माहिती मात्र थोडी असते. मग एक तर पहिल्या दलालाच्या हाती ती मातीमोलाने जाते, नाही तर अवाच्या सवा किमतीची पाटी गळ्यात बांधून वर्षानुवर्षे धूळ खात पडते.

या दोन्ही टोकांपासून वाचावयाचे कसे, हे एका प्रत्यक्ष गाडीच्या उदाहरणाने नीट समजेल. इंग्लंडातील जॅग्वार कंपनीची ई-टाइप ही गाडी मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथील प्रदर्शनात प्रथम जगापुढे आली. त्या वेळी इंग्लंडात करासह तिची किंमत सुमारे २,१०० पौंड होती. १९७४ पर्यंत अशा ७२,००० हून अधिक गाड्या तयार झाल्या. आज पहिल्या काळातील उत्तम स्थितीच्या उघड्या गाडीस लाख पौंडांहूनही अधिक किंमत येते. तिचीच जीर्ण बहीण मात्र त्याच्या एका लहानशा अंशास विकली जाते. नाव एक, आकार एक, मग हा फरक कशामुळे पडतो?

पहिला फरक जातीचा. ई-टाइप म्हटले की काम भागत नाही. आरंभीच्या गाड्यांत ३.८ लिटरचे एंजिन होते, १९६४ मध्ये ४.२ लिटरचे आले आणि १९७१ मध्ये बारा सिलिंडरांचे ५.३ लिटरचे एंजिन बसविण्यात आले. अगदी पहिल्या सुमारे ५०० गाड्यांच्या बॉनेटच्या कड्या बाहेरून उघडावयाच्या होत्या. सामान्य माणसाच्या नजरेस ही बाब क्षुल्लक वाटेल, परंतु संग्राहक तेवढ्यासाठी मोठा फरक देतो. म्हणून विक्रेत्याने प्रथम आपल्या गाडीची जात आणि साल निश्चित करून घ्यावे.

दुसरा फरक कुळाचा. या गाडीच्या बॉनेटखाली एक धातूची पट्टी असते. तीवर चॅसिस, एंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे क्रमांक उमटविलेले असतात. प्रत्यक्ष भागांवरील क्रमांक या पट्टीशी जुळले, म्हणजे गाडी कारखान्यातून ज्या अवयवांनिशी निघाली तेच अवयव आजही तिच्यात आहेत असे ठरते. इंग्लंडातील जॅग्वारची वारसा संस्था जुन्या कारखान्याच्या नोंदवह्यांवरून दाखला देते. त्यात हे क्रमांक, मूळचा रंग, तयार झाल्याची तारीख आणि गाडी प्रथम कोणत्या विक्रेत्याकडे गेली, ही माहिती असते. हा एक कागद हाती असला तर निम्मे वाद जागच्या जागी मिटतात. त्याच्या जोडीला दुरुस्तीची जुनी बिले आणि आधीच्या मालकांची साखळी असावी. बिलांची ती मळकी फाइल रद्दीत घालणारा वारस कळत नकळत आपल्याच वाट्याची रक्कम रद्दीत घालीत असतो.

तिसरा फरक प्रकृतीचा. इंग्लंड-अमेरिकेत प्रसिद्ध होणाऱ्या हॅगर्टीसारख्या किंमतपत्रकांत गाड्यांच्या चार प्रती केलेल्या असतात. पहिली प्रदर्शनात बक्षीस घेण्याजोगी, दुसरी उत्कृष्ट, तिसरी चांगली व चालती, आणि चौथी बरी. येथे मालकाची परीक्षा होते. ‘आपला तो बाब्या’ या न्यायाने प्रत्येक मालक आपली गाडी एक पायरी वर चढवितो. त्यावर उपाय एकच. या जातीच्या गाड्या ज्याच्या हातून गेल्या आहेत अशा तिऱ्हाईत कारागिराकडून, फी देऊन, लेखी तपासणी करून घ्यावी. ई-टाइपचा सांगाडा बव्हंशी पत्र्याचाच घडविलेला असून पुढे नळ्यांची चौकट जोडलेली असते. दरवाज्याखालचे पट्टे, तळपत्रा आणि त्या नळ्यांची आतली बाजू येथे गंज घर करतो. वरचा रंग आरशासारखा चकाकत असतानाही खाली पत्र्याऐवजी लांबीच भरलेली असू शकते. घोडा घेणारा जसा त्याचे दात पाहतो, तसा जाणता गिऱ्हाईक वाकून गाडीचा तळ पाहतो.

एवढे झाल्यावर किमतीकडे वळावे. येथे तीन चुका सर्रास घडतात. पहिली चूक मागितलेली किंमत हीच आलेली किंमत समजण्याची. जाहिरातीत कोणी काहीही मागतो. पाहावयाचे ते प्रत्यक्ष सौदे. बॉनहॅम्स, आर. एम. सोदबीज यांसारख्या लिलावगृहांचे निकाल प्रसिद्ध होत असतात, त्यांवरून त्याच जातीच्या, त्याच सालच्या आणि त्याच प्रतीच्या गाड्यांचे आकडे मांडावेत. मात्र प्रसिद्ध आकड्यात बहुधा खरेदीदाराने लिलावगृहास द्यावयाची दलालीही धरलेली असते, ती वजा करावी. दुसरी चूक खर्चाची बेरीज करून किंमत ठरविण्याची. पुनरुद्धारावर ओतलेला पैसा पै न पै परत येईल असा नियम नाही; गिऱ्हाईक गाडीचे मोल देते, मालकाच्या हौसेचे नव्हे. तिसरी चूक एखाद्या विक्रमी सौद्यावर डोळे खिळविण्याची. १९६२ ते १९६४ या काळात फेरारीच्या २५० जीटीओ या नावाच्या अवघ्या ३६ गाड्या बनल्या. त्यांपैकी एक २०१८ मध्ये अमेरिकेत ४ कोटी ८४ लक्ष डॉलरांना गेली. तिच्या तेजाने शेजारच्या सामान्य गाडीचे मोल वाढत नाही. शिवाय बाजारालाही भरती-ओहोटी आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या गाड्यांचे भाव आकाशाला भिडले आणि १९९० नंतर धाडकन कोसळले. ज्यांनी शिखरावरचा भाव मनात धरून ठेवला, त्यांना पुढे पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली.

आता जाहिरातीविषयी. व्यवहारात ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी म्हण आहे. या बाजारात ती खोटी ठरते. येथे झाकलेल्या मुठीविषयी गिऱ्हाईक वाईटच कल्पना करते आणि तेवढी किंमत आधीच कापून बोलते. म्हणून जाहिरातीत साल, जात, चॅसिसचा क्रमांक, जुळणारे आणि न जुळणारे आकडे, झालेली कामे व त्यांची साले, ही सर्व लिहावीत. मीटरवरील मैल खरे असल्याचा पुरावा असेल तरच ते खरे म्हणून सांगावेत. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात घ्यावीत. त्यांत तळाचे, क्रमांकांचे आणि जेथे गंज आहे त्या जागेचेही छायाचित्र असावे. दोष विक्रेत्याने आपण होऊन सांगितला म्हणजे तो किमतीत एकदाच वजा होतो. गिऱ्हाइकास तो स्वतः सापडला, तर विक्रेत्याच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास उडतो. किंमतही स्पष्ट छापावी. ‘भेटीअंती कळेल’ या शब्दांनी खरा गिऱ्हाईक पुष्कळदा दूर जातो.

‘मूळची’, ‘अस्सल’, ‘पुनरुद्धार केलेली’ हे शब्द विशेषणे म्हणून उधळावयाचे नव्हेत. त्यांच्यावर न्यायालयात खल होतो. बेंटले कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या मोटारीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. १९३२ मध्ये ब्रुकलँड्‌स येथे तिला भीषण अपघात होऊन चालक मृत्युमुखी पडला आणि गाडी नव्या रूपाने पुन्हा बांधण्यात आली. पुढे ती लक्षावधी पौंडांना विकण्याचा करार झाला. शर्यत जिंकणारी गाडी ती हीच नव्हे, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली आणि प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, की जुने भाग फारच थोडे उरल्याने तिला ‘मूळची’ म्हणता येणार नाही; परंतु तिच्या इतिहासाची साखळी कोठे तुटलेली नाही, सबब ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ होय. करार खरेदीदारास बंधनकारक ठरला. विक्रेता जिंकला तो साखळीचा प्रत्येक दुवा दाखविता आला म्हणून. गाडी कारखान्यातून निघाली तशी अखंड आहे असा दावा त्याने केला असता, तर ती साखळी त्याच्या उपयोगी पडली नसती.

भारतातील मालकाने आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावयास हवी. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. या गाड्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि त्या नित्य वापरासाठी अगर धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. गाडी विकल्यास परिवहन अधिकाऱ्यांस कळवावे लागते. नोंदणीचे कागद अपुरे असतील, तर सौदा ठरण्यापूर्वीच ते पुरे करावेत; किमतीची घासाघीस चालू असताना कागदांची धावपळ करणाऱ्याची बाजू लंगडी पडते.

जाहिरात छापावयास देण्यापूर्वी विक्रेत्याने एक साधा प्रयोग करून पाहावा. मजकूर हातात घेऊन गाडीजवळ उभे राहावे आणि एकेक वाक्य मोठ्याने वाचावे. प्रत्येक वाक्याला गाडीवरील एखाद्या जागेवर किंवा फाइलीतील एखाद्या कागदावर बोट ठेवता आले पाहिजे. ज्या वाक्याला बोट ठेवावयास जागा सापडणार नाही ते खोडून टाकावे. खोडून झाल्यावर जे उरेल तीच त्या गाडीची जाहिरात, आणि किंमत सांगावयाची ती तेवढ्याच्याच आधारे.