मास्क उतरला, आता तोंड पाहूया

(गडचिरोली जिल्ह्यातील आशाताई, आरोग्यसेविका व वसतिगृहांचे अधीक्षक यांच्या मेळाव्यात एका दंतवैद्यांनी केलेले भाषण, एप्रिल २०२२)



गुढीपाडव्यापासून आपल्या राज्यात मास्क ऐच्छिक झाला. दोन वर्षे तुम्ही तो लावून पाडोपाडी फिरलात, लोकांना धीर दिलात, लस घ्यायला राजी केलेत. त्याबद्दल प्रथम तुमचे आभार.

मागच्या शिबिरात एक आशाताई मला म्हणाल्या, "डॉक्टर, मास्कने माझे दात खराब केले. तोंड कोरडं पडतं, वास येतो." असे बऱ्याच जणांना वाटते. खरे सांगायचे तर मास्कच्या कापडाने दात किडत नाहीत. मी त्यांना एवढेच विचारले, "ताई, दिवसात पाणी किती वेळा पिता?" त्या हसल्या. मास्क काढावा लागतो म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत त्या पाणीच पीत नव्हत्या!

दुखणे इथे आहे. उन्हात चालून धाप लागली की आपण तोंडाने श्वास घेतो. त्यात पाणी कमी. मग लाळ आटते. लाळ ही देवाने दिलेली मोलकरीण आहे. ती अन्नाचे कण धुते, आम्ल कमी करते, दाताला खनिजे परत देते. ती आटली की कीड आणि हिरड्यांची सूज वाढते. आणि वास? तो बहुधा आधीपासूनच असतो. मास्कमुळे तो आपल्याच नाकाशी परत येतो, इतकेच.

म्हणून क्षयरोग्याच्या घरी जाताना मास्क जरूर लावा, पण तो कोरडा आणि स्वच्छ असावा. बाटली सोबत ठेवा. बाहेर मोकळ्यावर येऊन दोन घोट पाणी प्या. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. वसतिगृहातल्या मुलांनाही ही सवय लावा.

मला काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. मास्कआड तोंड झाकले गेले आणि आपण एकमेकांच्या तोंडात पाहणेच सोडून दिले. आपल्या भागात खर्रा घरोघरी आहे. पोरंसुद्धा खातात. सुपारी, तंबाखू, चुना घोटून गालात धरायचा. सुपारीने गाल आतून ताठर होतात, हळूहळू तोंड उघडेनासे होते. पुढे काहींना कर्करोग होतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही.

आता मोहाचे दिवस आहेत, पुढे तेंदूपत्ता लागेल. माणसे घरी सापडणार नाहीत. तेव्हा संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशी भेटा. उजेडात बसवून गाल, जीभ, जिभेखालची जागा पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत न भरलेला फोड आहे का? स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का? यातले काहीही आढळले तर रागावू नका, भीती घालू नका. सोबत घेऊन दवाखान्यात या. एकट्याला पाठवले तर तो वाटेतून परत फिरतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि सुरुवात आज स्वतःपासून करा. घरी गेल्यावर आरसा घ्या, आणि आधी आपले तोंड पाहा.