परभूमीवरील अग्निसंस्कार

(ब्रिटनमधील हिंदू समाजजीवनाविषयी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

ब्रिटनमधील हिंदू समाज म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहते ते त्याचे वैभव. १९९५ साली पूर्ण झालेले नीसडनचे संगमरवरी स्वामिनारायण मंदिर, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरील दिवाळीची रोषणाई, १९३२ पासून चालत आलेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ, आणि २०२२ च्या दिवाळीच्या दिवसांत ब्रिटनच्या पंतप्रधानपदी आलेले ऋषी सुनक. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील हिंदूंची संख्या सुमारे ८ लाख १७ हजार होती, ती २०२१ मध्ये १० लाख ३२ हजारांच्या पुढे गेली. हे सारे आनंददायक आहे. परंतु समाजाची खरी ओळख उत्सवात होत नाही, दुःखाच्या प्रसंगी होते. म्हणून आज मी मंदिरांविषयी बोलणार नाही. घरातील माणूस गेल्यावर तेथील हिंदू कुटुंबाला काय करावे लागते, आणि ते करण्याचा मार्ग कसा मोकळा झाला, हे मला सांगावयाचे आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज तेथे आहेत. वृद्ध आईवडील अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन राहतात. त्यामुळे हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

कोल्हापूरच्या महाराजांची चिता

या कथेचा आरंभ एका मराठी राजापासून करता येतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. ते अवघे वीस वर्षांचे होते. मृतदेह जाळणे ही गोष्ट त्या काळी युरोपात अपरिचित होती. तरीही आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, नदीकाठी चिता रचून, त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्या जागी त्यांची छत्री आजही उभी आहे, आणि जवळच्या पुलाला लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ या अर्थाच्या नावाने ओळखतात.

ब्रिटनमध्ये दहनाचा मार्ग कायद्याने मोकळा झाला तो मात्र एका वेल्श वैद्यामुळे. डॉ. विल्यम प्राइस यांनी १८८४ साली आपल्या तान्ह्या मुलाचा मृतदेह टेकडीवर जाळण्याचा प्रयत्न केला. जमाव खवळला, खटला झाला. न्यायमूर्ती स्टीफन यांनी निर्णय दिला की, लोकांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नव्हे. हे स्टीफन म्हणजे हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कायदेमंत्री राहिलेले आणि १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन! पुढे १९०२ साली दहनाचा स्वतंत्र कायदा झाला. आज ब्रिटनमधील बहुसंख्य मृतांचे दहनच होते. तेव्हा दहन ही तेथे परक्यांची रूढी राहिलेली नाही.

ब्रायटनच्या टेकडीवरील छत्री

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या रणभूमीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी ब्रायटन येथील राजप्रासादाचे रुग्णालयात रूपांतर करण्यात आले. तेथे हिंदू व मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे वेगळे नळ होते, स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था होती. जे वाचले नाहीत त्यांपैकी मुसलमान सैनिकांचे दफन वोकिंग येथे झाले. त्रेपन्न हिंदू व शीख सैनिकांना गावाबाहेर पॅचम येथील टेकडीवर, उघड्या आकाशाखाली, चितेवर अग्नी देण्यात आला. त्या जागी मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुशिल्पकाराने आखलेली पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारण्यात आली. १ फेब्रुवारी १९२१ रोजी ब्रिटनच्या युवराजांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. त्या सैनिकांची नावे दगडावर कोरली जाण्यास मात्र २०१० साल उजाडावे लागले. आजही दर वर्षी जून महिन्यात तेथे लोक वंदनासाठी जमतात. आपल्यापैकी कोणी लंडनला गेले तर एक दिवस या छत्रीसाठी राखून ठेवावा, ही माझी विनंती आहे.

एका शब्दाचा अर्थ

परंतु जे युद्धकाळात सैनिकांना मिळाले ते शांततेच्या काळात सामान्य नागरिकाला मिळेना. न्यूकॅसल येथील दवेंदर घई यांनी २००६ साली नगरपालिकेकडे मागणी केली की, आपल्या मृत्यूनंतर आपल्या देहाला पारंपरिक पद्धतीने चिताग्नी मिळावा. नगरपालिकेने नकार दिला. दहन हे अधिकृत दहनगृहातच झाले पाहिजे आणि दहनगृह म्हणजे इमारत, असे कायदा सांगत होता. २००९ साली उच्च न्यायालयाने घई यांच्या विरुद्ध निकाल दिला. घई अपील न्यायालयात गेले.

तेथे खटल्याला कलाटणी मिळाली. घई यांनी स्पष्ट केले की, भिंती नकोत असा आपला आग्रह नाही. खऱ्या लाकडाचा अग्नी असावा आणि देहावर थेट सूर्यप्रकाश पडावा, एवढेच आपल्या श्रद्धेला आवश्यक आहे. मग भिंती असलेल्या, पण वरून मोकळ्या वास्तूला ‘इमारत’ म्हणता येईल का, एवढाच प्रश्न उरला. १० फेब्रुवारी २०१० रोजी लॉर्ड न्यूबर्गर यांच्या न्यायपीठाने निकाल दिला की, होय, म्हणता येईल. प्रत्यक्ष बांधकामाची परवानगी व धुराविषयीचे नियम हे प्रश्न मात्र न्यायालयाने सोडवले नाहीत, ते ज्या त्या ठिकाणी सोडवावयाचे राहिले.

या खटल्यातून मला एक मोठा बोध दिसतो. आपल्या संस्कारात अपरिहार्य काय आणि केवळ सवयीचे काय, हे ज्याला नेमके सांगता येते त्याचे म्हणणे परकी व्यवस्थाही ऐकते. ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्या वाट्याला एक तर हट्ट येतो किंवा शरणागती.

आजची व्यवस्था

प्रत्यक्षात तेथील बहुतेक हिंदू कुटुंबे विद्युत किंवा गॅसच्या दाहिनीतच अंत्यसंस्कार करतात. आपल्याकडे माणूस गेल्यावर काही तासांत सारे आटोपते. तेथे अनेक दिवस, कधी आठवड्यांहूनही अधिक काळ लागतो. ९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नवी पद्धत लागू झाली आहे. मृत्यूच्या चौकशीचे न्यायाधिकारी ज्या मृत्यूंची चौकशी करीत नाहीत, त्या प्रत्येक मृत्यूचे कारण स्वतंत्र वैद्यकीय परीक्षक तपासतो. त्यानंतर नोंदणी होते आणि मग दहनगृहाची वेळ मिळवावी लागते. ही वेळ साधारण अर्धा ते पाऊण तासाची असते. तेवढ्यात मंत्र, प्रदक्षिणा, अंत्यदर्शन आणि दोन-तीनशे माणसांची गर्दी, सारे बसवायचे! ही अडचण सरकारलाही मान्य करावी लागली. दहनगृहांच्या पाहणीनंतर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या शासकीय अहवालात हिंदू, शीख, जैन व बौद्ध समाजांच्या गरजांची दखल घेतलेली आहे.

म्हणून समाजाने आपल्या परीने वाट काढली आहे. स्नान घालणे, नवे वस्त्र नेसवणे, मुखात तुळशीपत्र व गंगाजल घालणे हे विधी अंत्यविधी-व्यवस्थापकाच्या जागेत किंवा घरी शवपेटी आणून होतात. शवपेटीत नारळ, काच वा धातूच्या वस्तू ठेवू देत नाहीत. अग्नी देण्याच्या जागी ज्येष्ठ पुत्र किंवा कन्या दाहिनीची कळ दाबते. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचण्याचा विधी तेथे होऊ शकत नाही, कारण यंत्राने दळून तयार झालेली राख डब्यात भरून दिली जाते. ती घेऊन कोणी नाशिकला किंवा हरिद्वारला येतात, तर कोणी लेस्टरजवळच्या सोर नदीत विसर्जन करतात. नदीत राख सोडण्यास वेगळा परवाना लागत नाही. मात्र पिण्याचे पाणी उचलण्याच्या ठिकाणापासून वरच्या बाजूस किमान एक किलोमीटर अंतर राखावे आणि प्लॅस्टिक पाण्यात टाकू नये, अशी तेथील पर्यावरण खात्याची सूचना आहे. ती आपल्या गोदावरीकाठीही पाळण्याजोगी आहे.

आपण काय करावे?

२०२० च्या महामारीत मोजक्याच माणसांना दहनगृहात प्रवेश होता. मुलांनी पुण्यात बसून पडद्यावर वडिलांचा अंत्यविधी पाहिला, आईवडिलांनी मुलाचा पाहिला. त्या काळात मंदिरे आणि मंडळे यांनी एकाकी घरांत जेवणाचे डबे पोहोचवले. दुःखाच्या घरी चूल पेटू नये, शेजाऱ्याने पिठले-भात आणावा, ही आपली जुनी रीत सातासमुद्रापार अशी टिकली.

तेव्हा माझे सांगणे तीन गोष्टींत संपते. पहिली, मृत्यूविषयी घरात बोला. आपल्या मागे काय व्हावे हे लिहून ठेवा. परदेशी जाताना विमा व औषधांची कागदपत्रे जशी नेता, तसाच हा कागदही मुलांच्या हाती द्या. दुसरी, मुलांना विधींचा अर्थ सांगा. तेथे पुरोहित वेळेवर मिळेलच असे नाही. अर्थ ठाऊक असलेला मुलगा चार ओळींच्या प्रार्थनेनेही बापाला निरोप देऊ शकतो. अर्थ ठाऊक नसेल तर तासभर मंत्र ऐकूनही तो रिकाम्या मनाने परततो. तिसरी, तेथील आपल्या मुलांना एकच प्रश्न विचारा, ‘तुझ्या गावातील मंडळाशी तुझा संबंध आहे ना?’ पगार किती, घर केवढे, हे प्रश्न आपण नेहमीच विचारतो. पण मध्यरात्री रुग्णालयातून दूरध्वनी आला तर खांदा द्यायला चार माणसे येतील की नाही, हे या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

कायद्याने वाट मोकळी करून दिली आहे. त्या वाटेवर सोबत चालायला समाजच लागतो.