देवमाशाच्या पोटातील जवळा



आज मी तुम्हांला दक्षिणेकडील बर्फाच्या समुद्रात गेलेल्या एका गलबताची हकीकत सांगणार आहे. ते सोन्याच्या शोधात निघाले नव्हते, की ध्रुवावर निशाण रोवायला निघाले नव्हते. देवमासा काय खातो, किती वर्षांनी वितो आणि कोठून कोठे जातो, एवढेच त्यावरील लोकांना पाहावयाचे होते.

देवमासा म्हटले की आपल्या घरांत हजरत युनूस अलैहिस्सलाम यांचा किस्सा आठवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील कारखानदारांना मात्र तेलाची पिंपे दिसत. देवमाशाच्या चरबीपासून साबण होई, लोण्याऐवजी पावाला लावण्याचे मार्गारीन होई. उत्तरेकडील समुद्रांतले देवमासे मारून मारून विरळ झाले, तेव्हा शिकारी दक्षिणेकडे वळले. अंटार्क्टिकाच्या वाटेवरील साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन येथे 1904 साली कारखाना उभा राहिला. बेट ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि तेलावर ते कर घेत. ही कत्तल अशीच चालली तर उद्या कर कोठून येणार, या धास्तीने त्याच कराच्या पैशातून संशोधनाची योजना आखली गेली. हेतू फार थोर होता असे मी म्हणणार नाही. काम मात्र थोर झाले.

गलबताचे नाव ‘डिस्कव्हरी’. कॅप्टन स्कॉट 1901 मध्ये अंटार्क्टिकाला गेले ते याच लाकडी गलबतातून. 1925 मध्ये ते पुन्हा दक्षिणेकडे निघाले, तेव्हा संशोधनाचे प्रमुख होते स्टॅन्ले केम्प. हे गृहस्थ आले कोठून? आपल्या कलकत्त्याहून! तेथील इंडियन म्युझियममध्ये आणि नंतर भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्यात त्यांनी 1924 पर्यंत नोकरी केली. विषय काय, तर कोळंबी आणि तिची भावंडे. पालकांनो, तुमचा मुलगा उद्या म्हणाला की मी झिंग्यांचा अभ्यास करणार, तर घरात काय होईल ते मी सांगायला नको. “डॉक्टर हो, इंजिनियर हो, नाहीतर आखातात जा. झिंगे मोजून पोट भरते का?” परंतु त्या थंड महासागराचे कोडे झिंग्यासारख्या एका प्राण्यातच दडलेले होते.

ग्रिटविकेनच्या कारखान्याजवळ प्रयोगशाळा उभारली गेली. देवमासा फळ्यांवर ओढून आणला की एकीकडे कामगार चरबी सोलत आणि दुसरीकडे शास्त्रज्ञ रक्तामांसात उभे राहून मापे घेत. काही वर्षांत दीड हजाराहून अधिक देवमासे त्यांनी असे तपासले. पोटे उघडली की जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट आढळे : क्रिल. कोकणातल्या मुलांनी जवळा पाहिलेला आहे. क्रिल दिसायला तसाच, पण मोठा, पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. प्राणिशास्त्र दोघांना वेगवेगळ्या गटांत घालते हे खरे. तरी नव्वद फुटांचा निळा देवमासा बोटाएवढ्या प्राण्यावर जगतो, ही कुदरत पाहून मन थक्क होते.

इकडे गलबतावरून वेगवेगळ्या खोलीवर जाळी सोडली जात होती. ॲलिस्टर हार्डी यांनी एक यंत्र बनवले होते. ते गलबतामागे ओढले जाई आणि पाण्यातले सूक्ष्म जीव आतल्या सरकत्या रेशमी पट्टीवर गोळा होत. जेथे क्रिलचे थवे, तेथे देवमासे, हे हळूहळू स्पष्ट झाले. दुसऱ्या एका जहाजावरून जिवंत देवमाशांच्या अंगात क्रमांक घातलेल्या पोलादी नळ्या मारल्या जात. पुढे तो मासा मारला गेला आणि नळी परत पाठवली, तर एक पौंड बक्षीस!

विद्यार्थ्यांनो, याच कामात जेम्स मार नावाचा तरुण होता. 1921 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, शॅकल्टन यांच्या अखेरच्या मोहिमेवर तो बालवीर म्हणून निवडला गेला होता. क्रिलची अंडी खोल पाण्यात बुडत जातात आणि पिल्ले वाढत वाढत वर चढतात, हे सारे मांडणारा त्याचा मोठा ग्रंथ 1962 साली प्रसिद्ध झाला. गलबत निघाल्यापासून 37 वर्षांनी! परीक्षेच्या निकालाला आठ दिवस उशीर झाला तर आपण किती अस्वस्थ होतो.

आता हिशेब पाहा. निळ्या देवमाशाची मादी साधारण वर्षभर गर्भ वाहते आणि दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू देते. हे शास्त्रज्ञांनी शोधले आणि छापले. परंतु त्याच सुमारास देवमासा अख्खा पोटात ओढून घेणारी कारखाना-जहाजे निघाली. ती खुल्या समुद्रात राहत, त्यांना बेटाची परवानगी लागेना, कर लागेना. 1930-31 च्या एका हंगामात अंटार्क्टिकच्या समुद्रात 29 हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. दोन-तीन वर्षांतून एक पिल्लू, आणि एका हंगामात 29 हजार! हा त्रैराशिकाचा प्रश्न चौथीचा मुलगाही सोडवील. निळ्या देवमाशाला संरक्षण मिळाले ते 1960 च्या दशकात. एके काळी दक्षिणेत दोन लाखांहून अधिक असलेले हे प्राणी 1970 च्या दशकाच्या आरंभी काही शेकड्यांवर आले होते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आज ते सावकाश वाढत आहेत.

आपल्या देशाची पहिली अंटार्क्टिक मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून निघाली. जहाज नॉर्वेचे, भाड्याने घेतलेले. माणसे 21. त्यांचे नेते डॉ. सय्यद जहूर कासिम, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे विद्यार्थी. वेल्समधील बँगर येथे त्यांनी डॉक्टरेट केली ती खडकाळ किनाऱ्यावर सापडणाऱ्या लहान माशांवर. 9 जानेवारी 1982 रोजी त्यांची तुकडी बर्फावर उतरली.