शिवारातून तुरीनपर्यंत



इटलीतील तुरीन नगरात 2004 च्या ऑक्टोबरमध्ये एक आगळे संमेलन भरले. 'तेर्रा माद्रे' हे त्याचे नाव, अर्थ भूमाता. झटपट खाद्यपदार्थांच्या लाटेला विरोध करीत 1980 च्या दशकात इटलीतच उभ्या राहिलेल्या 'स्लो फूड' चळवळीने ते बोलाविले होते. सुमारे 130 देशांतून 5000 च्या आसपास शेतकरी, पशुपालक, मच्छीमार आणि खाद्यपदार्थ करणारे कारागीर तेथे आले. त्यांतील कित्येकांना पिएमोन्ते प्रांतातील गावांनी आणि कुटुंबांनी आपल्या घरी उतरवून घेतले. पुढे हा मेळा साधारणपणे दर दोन वर्षांनी भरत राहिला. 2015 साली जनजाती समाजांचे असेच संमेलन आपल्याच देशात, शिलाँग परिसरात झाले.

अशा मेळ्यास धाराशिव जिल्ह्यातील एक-दोन एकरांच्या धनिणीने जावे, हा विचार अनेकांना हौसेचा वाटेल. दुष्काळी भागाला विमानप्रवास कशाला, असे कोणी विचारले तर त्यात गैर काही नाही. उत्तर मात्र त्या जिल्ह्यानेच देऊन ठेवले आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि शेजारच्या उमरगा-लोहारा भागातील गावेही उद्ध्वस्त झाली. पुनर्वसनाच्या काळात गावोगावच्या स्त्रिया 'संवाद साहाय्यक' झाल्या. शासनाची योजना घरोघर समजावणे आणि घरोघरची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांपर्यंत नेणे हे त्यांचे काम. या घडणीतूनच कै. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेचे कार्य या भागात रुजले. 2001 साली कच्छची भूमी हादरली, तेव्हा मराठवाड्यातील स्त्रिया तेथील भगिनींना अनुभव सांगण्यास गेल्या. ज्यांना मदत मिळाली होती त्याच मदतीला निघाल्या.

पुढे दुष्काळाने गाठले, तेव्हा याच स्त्रियांनी 'एक एकर शेती' उभी केली. सोयाबीनच्या पट्ट्यात घरच्या जमिनीतला एक एकर, कधी अर्धाच, स्त्रीने मागून घ्यायचा. त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला असे मिश्र पीक कमी पाण्यावर आणि घरच्या शेणखतावर घ्यायचे, आणि काय पेरायचे ते तिने ठरवायचे. आधी घरच्यांच्या ताटात अन्न, उरेल ते बाजारात. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट घराघरात किती वाद घालून मिळवावी लागली असेल, हे ग्रामीण कुटुंब जाणणाऱ्यांस सांगावे लागू नये. 2016 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर पुरस्कार' या संस्थेस मिळाला. तुळजापूर तालुक्यातील गोदावरी डांगे याच कामातून पुढे आल्या आणि परदेशांतील परिषदांतही आपला अनुभव मांडून आल्या.

तेव्हा सांगण्याजोगे काही आहे की नाही, हा प्रश्न उरत नाही. प्रश्न आहे तो पाठविण्याचा. तिकिटाचे पैसे हा त्यातला सर्वांत सोपा भाग होय. शहरातील चार सुस्थित कुटुंबे ठरवतील तर ते उभे राहतात. अवघड भाग गावात आहे.

शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, जन्मतारीख दोन ठिकाणी दोन. पारपत्र अडते ते येथे. सातबारा बहुधा पतीच्या नावे, त्यामुळे शेती करणारी स्त्री कागदोपत्री शेतकरी ठरत नाही. पत्नीच्या नावे जमीन व्हावी, यासाठी शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालविली होती. तिची आठवण येथे व्हावी. इटलीच्या व्हिसासाठी बँकेचे खातेउतारे लागतात, किमान 30,000 युरोचा प्रवासविमा लागतो, आणि बोटांचे ठसे देण्यास स्वतः जावे लागते. मुंबई धाराशिवहून सुमारे 400 किलोमीटर. हंगामात एकदाच पैसा येणाऱ्या खात्याचा उतारा पाहून परका अधिकारी काय समजेल? म्हणून सोबत संस्थेचे पत्र, खर्चाची हमी आणि अर्ज भरून देणारा जाणता कार्यकर्ता हवा.

शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनच्या काढणीचे आणि रब्बी ज्वारीच्या पेरणीचे दिवस. ती आठ-दहा दिवस बाहेर गेली तर धार कोण काढणार, मजूर कोण लावणार? तिकीट देणाऱ्यांनी या दिवसांची मजुरीही हिशेबात धरली पाहिजे. ती न धरता दिलेली मदत घरात तंटा लावून जाते.

भाषेचे तसेच. दुभाष्या नसेल तर बोलतो सोबतचा अधिकारी, आणि शेतकरी स्त्री छायाचित्रापुरती उरते. परदेशी परिषदांत हे पुष्कळदा घडते आणि ते लाजिरवाणे आहे. तिच्या बोलीतील मराठी समजणारी व्यक्ती सोबत देण्याचा खर्च तिकिटाइतकाच आवश्यक मानावा. युरोपातील मराठी कुटुंबांना हे काम सहज करता येईल.

न्यावे काय? भूम परिसरातील खवा नेता येणार नाही, कारण दुग्धपदार्थांस तेथे प्रवाशांच्या सामानात बंदी आहे. बियाण्यांसही पीक-आरोग्य प्रमाणपत्र लागते. पिशवीत बांधून नेलेली मालदांडी विमानतळावरच जप्त व्हायची. मात्र येळवस सांगता येते. मार्गशीर्षातील त्या अमावास्येला धाराशिव-लातूरकडे सारे गाव शिवारात जाते. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, आंबिल आणि उंडे असतात, आणि वाटसरूलाही आग्रहाने पंगतीला बसवितात. अनेक डाळी-भाज्या एकत्र शिजलेली ती भज्जी म्हणजे मिश्र पिकाचा जिवंत हिशेबच. तुरीनच्या मंडपात याहून वेगळे काय मांडायचे?

भरडधान्यांच्या 2023 या आंतरराष्ट्रीय वर्षाचा प्रस्ताव भारताने मांडला होता, आणि 2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी शेतकरी महिलांचे म्हणून घोषित केले आहे. घोषणा झाल्या, पारपत्राची कामे मात्र एकेका गावातच व्हायची आहेत. ज्या कुटुंबांना या कामी हातभार लावायचा आहे, त्यांनी पुढच्या मेळ्याच्या किमान वर्षभर आधी एक गाव आणि एक स्त्री निश्चित करावी, आणि दाखल्यावरील नाव दुरुस्त करण्यापासून आरंभ करावा. ती परतेल तेव्हा पेरणी आटोपलेली असेल. पुढे येळवशीला, कोपीपाशी, तिने पाहिले-ऐकले ते आधी गावाला सांगावे. शहरातील सत्कार मागाहून.