पाण्याआधी पोचणारे गणित



२ डिसेंबर १९५९ च्या रात्री फ्रान्समधील मालपासे धरण फुटले. सुमारे २० मिनिटांत लोंढा समुद्रकाठच्या फ्रेजूस गावाला भिडला. ४०० हून अधिक माणसे दगावली. लोंढ्याच्या वाटेत विजेची ३ रोहित्रे होती. ती बंद पडल्याच्या वेळा कळल्या, म्हणून पुराचे गणित करणारे लोक आजही आपली उत्तरे त्या वेळांशी ताडून पाहतात.

हे गणित सां-व्हनां या फ्रेंच अभियंत्याने १८७१ साली मांडलेल्या समीकरणांचे आहे. खोलीच्या मानाने पसारा पुष्कळ मोठा असला, की शास्त्रज्ञ त्या पाण्याला उथळ म्हणतात. मग ते माणूस बुडवणारे का असेना! खोऱ्याच्या नकाशावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत पाणी किती आले, किती गेले, याचा क्षणाक्षणाचा जमाखर्च मांडायचा. चौकटीची बाजू निम्मी केली, की चौकटी चौपट होतात आणि काळाचे पाऊलही निम्मे टाकावे लागते. म्हणजे काम ८ पट!

तेव्हा काम वाटून द्यावे. खोऱ्याचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका गणकाकडे सोपवावा. आज एका जीपीयूत असे हजारो गणक एकदम राबतात. परंतु कामगारांत आयुष्य घालवलेल्या मला एवढे ठाऊक आहे, की नुसते हात वाढवून काम उरकत नाही. शेजाऱ्याच्या काठावरील आकडे हाती आल्याखेरीज येथे कोणालाच पुढचे पाऊल टाकता येत नाही. ज्याच्या तुकड्यात पूर, तो घाम गाळतो. कोरड्या तुकड्याचा धनी बसून राहतो. आणि सगळ्यात मागे राहिलेल्यासाठी सारेच खोळंबतात. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली वाटणीची मर्यादा दाखवली. कामाचा दहावा हिस्सा वाटता येत नसेल, तर लाख गणक लावले तरी वेग १० पटींपलीकडे जात नाही. म्हणून खरे कसब भार सारखा वाटण्यात आणि खोळंबा कमी करण्यात आहे.

हा खटाटोप कशासाठी? १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी पुण्यात शिरले, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नदीकाठी घर बांधणारा बहुधा गरीबच असतो. कोणत्या गल्लीत किती वाजता किती पाणी येईल, हे उत्तर उशिरा आले तर ते चौकशीच्या अहवालात शोभते. वेळेवर आले तर म्हातारी माणसे उचलून उंचावर नेता येतात.