आमचा बारावीचा वर्ग

इथे बंगळूरला मी बारावीला इंग्रजी शिकवते. मार्चमध्ये निरोप घेताना मुलांना विचारलं, वर्षभरातलं काय लक्षात राहिलं? बहुतेकांनी पहिलाच धडा सांगितला, आल्फाँस दोदेचा ‘द लास्ट लेसन’. १८७१मध्ये अल्सास जर्मनीकडे गेलं आणि शाळेतली फ्रेंच बंद झाली, त्याची ही गोष्ट. एका कन्नड मुलीने तेव्हा विचारलं होतं, “पण तिथली घरची बोली तर वेगळीच होती ना?” होतीच, जर्मन वळणाची अल्सेशियन! मग आपल्या घरी कोण काय बोलतं, यात दोन तास गेले. पोर्शन राहिला, राहू दे. आपल्यातलाच एक मुलगा म्हणाला, आजीशी मराठी बोलतो, पण तिचं पत्र बाबाच वाचून दाखवतात. निरोपाच्या दिवशी त्याने आजीला स्वतः लिहिलेलं पत्र मला दाखवलं. ऱ्हस्व-दीर्घ मी पाहिलेच नाहीत. आजीचं पाचपानी उत्तर आलंय. सध्या वाचन चालू आहे.